हीटरला ज्योत दिसत नाही

सोलापुरात डिझेल हीटरचा विषय काढला की समोरचा आधी हसतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो त्या गावात हीटर? चादरी काय कमी पडल्या? पण इथून डाळिंबं आणि टॉवेल घेऊन थेट उत्तरेला जाणाऱ्या गाड्या आहेत. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग-ओटा बसवून लेह-लडाखचे बेत आखणारी मंडळीही आहेत. रात्री गाडी बंद करून केबिनमध्ये झोपायचं तर इंजिनची ऊब मिळत नाही. मग ऑनलाइन मागवलेला बारा व्होल्टचा हीटर सीटखाली बसवला जातो, आणि चाचणी होते ती इथेच, सोलापूरच्या उन्हात. तक्रारही ठरलेली असते: ‘चालू होतो, टिकटिक करतो, दोन-चार मिनिटांत बंद. परत चालू, परत बंद.’

स्क्रीनवर एक आकडा येतो. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरवर ई-१० म्हणजे पेटलाच नाही आणि ई-०८ म्हणजे पेटून विझला. मॉडेल बदललं की आकडेही बदलतात, म्हणून सोबत आलेलं पत्रक फेकू नये. पण पत्रक हाताशी असूनही माणसं फसतात, कारण आकडा म्हणजे निदान असं ते धरून चालतात. ‘ज्योत विझली’ असं मशीन सांगतं खरं, पण या हीटरमध्ये ज्योत बघणारं काही नसतंच. अॅल्युमिनियमच्या धडावर तापमान मोजणारा एक सेन्सर असतो. धड ठरावीक वेळात तापलं तर कंट्रोलर समजतो की ज्योत आहे, गार पडायला लागलं तर समजतो की विझली. बाकी त्याच्याकडे मुख्यतः व्होल्टेजचा आकडा आणि पंख्याचा वेग, अशी मोजकीच माहिती. डिझेल आलं नाही, हवा कमी पडली, धूर अडला, ग्लो प्लग (डिझेल पेटवण्यासाठी विजेवर तापणारी कांडी) नीट तापला नाही, कारण कुठलंही असो, त्याला कळतं ते एकच: धड गार आहे. आकडा आपल्याला संशयाची जागा दाखवतो. कारण आपणच शोधायचं.

यंत्राची रचना तशी साधी. मोटर एक, पण तिच्या दोन्ही टोकांना पंखे. एक पंखा केबिनमधली हवा धडाच्या पात्यांवरून ढकलतो. दुसरा बाहेरून हवा ओढून आतल्या जळणाला पुरवतो आणि धूर सायलेन्सरवाटे पुन्हा बाहेर काढतो. या दोन हवांची कुठेही गाठ पडत नाही, पडताही कामा नये. टाकीजवळ एक छोटा विद्युतचुंबकीय पंप असतो. ती टिकटिक त्याचीच. प्रत्येक ठोक्याला तो डिझेलचा ठरलेला थेंब पुढे ढकलतो. ग्लो प्लगभोवती एक बारीक जाळी असते. डिझेल त्या जाळीत मुरतं, प्लगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती पेटते. धड पुरेसं तापलं की कंट्रोलर प्लग बंद करतो. तिथून पुढे ज्योतीने स्वतःच्या उष्णतेवर टिकायचं असतं.

म्हणून हीटर बंद पडला की मी पहिला प्रश्न विचारतो तो वेळेचा. किती वेळाने बंद पडला? लगेच, मिनिटभरात, प्लग बंद झाल्याबरोबर, की तासाभराने? आकड्यापेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

सुरुवातीलाच मान टाकत असेल तर नजर विजेकडे वळवावी. चालू झाल्यावर टिकटिक करणारा हीटर फार तर तीन-चार अँपिअर खातो, पण सुरुवातीला एकटा प्लगच आठ-दहा अँपिअर ओढतो. गॅरेजात बॅटरीपासून हीटरपर्यंत वायर टाकताना हाताला येईल ती टाकलेली असते, बहुधा घरात दिव्याच्या पॉइंटला वापरतात ती एक स्क्वेअर एमएमची. अंतर पाच मीटर धरा. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं, त्याचा रोध साधारण ०.१७ ओहम. दहा अँपिअर वाहिले की १.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. बॅटरी लोडखाली ११.८ वर आली असेल तर हीटरपाशी उरले १०.१, आणि साडेदहाच्या आसपास बहुतेक कंट्रोलर हात वर करतात. मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर लावून ‘साडेबारा दाखवतोय, बॅटरी ठणठणीत आहे’ म्हणणारा फिटर खोटं बोलत नसतो. तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी मोजत असतो. प्रोब हीटरच्या सॉकेटवर लावायचे, प्लग तापत असताना. तिथे आकडा घसरताना डोळ्यांनी दिसतो. चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली की तीच घट ०.४३ व्होल्टवर येते. दुकानातल्या पाच अँपिअरच्या अॅडॉप्टरवर हीटर तपासणाऱ्यांविषयी काय बोलावं! दहा अँपिअर त्यातून येणार कुठून?

वीज ठीक आहे, पण प्लग बंद होताच ज्योत जाते, किंवा मंद आचेवरच जाते, असं असेल तर डिझेलचा मार्ग तपासा. शेतावर डिझेल इंजिन चालवलेल्या कुणालाही ‘एअर धरली’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इथला खेळ तोच, फक्त फार बारीक मापात. लहान हीटरच्या बऱ्याच पंपांचं माप असतं हजार ठोक्यांना २२ मिलिलिटर, म्हणजे एका ठोक्याला ०.०२२ मिलि. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाच्या निम्म्याहून कमी. पंपापासून हीटरपर्यंतच्या कडक नायलॉनच्या पाइपाचं आतलं भोक दोन मिलिमीटरचं असतं. हिशोब केला तर एका ठोक्याला डिझेल त्या पाइपात सात मिलिमीटर पुढे सरकतं. आता पाइपात पाच सेंटिमीटरचा हवेचा तुकडा आहे असं समजा. तो हीटरच्या तोंडाशी पोचला की सलग सात ठोके नुसती हवाच आत जाते. पूर्ण आचेवर पंप सेकंदाला तीन-चार ठोके देतो, तेव्हा दोनेक सेकंदांचा खंड पडतो आणि तापलेल्या धडाच्या जोरावर ज्योत तो निभावून नेते. मंद आचेवर ठोका सेकंदाला एकच असतो. तिथे सात सेकंद उपास घडतो आणि ज्योत जाते. ‘फुलवर चालतो, कमी केला की मरतो’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

पाइप पारदर्शक असतो तो याचसाठी. टॉर्च लावून पाच मिनिटं नुसतं बघत बसावं. राईएवढे बुडबुडे अधूनमधून गेले तर काही बिघडत नाही, लांब तुकडे जात असतील तर सांधा तपासावा. दोन पाइप रबरी नळीत एकमेकांना टेकवून बसवायला हवेत. मध्ये फट राहिली की हवा तिथे साठते आणि मग एकदम एक मोठा तुकडा सुटतो. पंप आडवा बांधू नये, बाहेरचं तोंड वर करून तिरका किंवा उभा बांधावा, म्हणजे आतली हवा आपोआप पुढे निघून जाते. आणि फिश टँकच्या दुकानातली जाड मऊ नळी वापरू नये. रुंद भोकात डिझेल बुडबुड्याच्या खालून वाहून जातं आणि बुडबुडा जागेवरच वाढत राहतो. दोन मिलिमीटरच्या भोकात पृष्ठताणामुळे बुडबुडा पूर्ण भोक भरून डिझेलबरोबर पुढे सरकतो. शिवाय मऊ नळी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि ठोक्याचा जोर स्वतःच खाऊन टाकते.

पंपावर संशय असेल तर तो मोजून फेडता येतो. हीटरपाशी पाइप सोडवायचा, औषधाच्या दुकानातून आणलेल्या पन्नास मिलिच्या सिरिंजमध्ये तोंड धरायचं आणि पंपाला हजार ठोके द्यायचे. बावीसच्या आसपास भरलं तर पंप निर्दोष. ‘पंप टिकटिकतोय की’ हा पुरावा नव्हे. पंप कोरडा असला तरी टिकटिकतो.

डिझेल येतंय, वीज आहे, तरी पेटायला उशीर लागतो आणि सुरुवातीला पांढरा धूर येतो, असं असेल तर प्लग काढून जाळी बघावी. नवी जाळी करड्या रंगाची आणि आरपार दिसणारी असते. बिघडलेल्या हीटरमधून जी निघते ती काळीकुट्ट आणि कडक असते, नखाने टोकरली तर काजळीचे पापुद्रे निघतात. डिझेल तिच्यात मुरणार कसं? ती नवी घालावी, स्वस्तात मिळते. काजळी मात्र पुन्हा साठणार, जोवर हवेचं गणित बिघडलेलं आहे तोवर. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या हिशोबात सांगायचं तर एका लिटर डिझेलला जवळपास दहा हजार लिटर हवा, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त दिलेली बरी. वातीच्या स्टोव्हची हवेची भोकं बुजली की ज्योत पिवळी होऊन भांड्याचं बूड काळं करायची, तसंच इथे आतल्या आत होतं.

हवा कुठे अडते? बहुतेक वेळा सायलेन्सरच्या पाइपात. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाइपाला मध्येच खोलगट वळण दिलं असेल तर ते पाणी तिथे साचून धुराची वाट अडवतं. पाइप सतत उताराचा हवा. धुराचं तोंड आणि हवा ओढण्याचं तोंड शेजारी-शेजारी असेल तर हीटर स्वतःचाच धूर पुन्हा पितो. आणि आपल्याकडचा एक खास प्रकार: हीटर उन्हाळा-पावसाळाभर गाडीखाली पडून असतो आणि कुंभारमाशी त्या पाइपात मातीचं घर करते. परदेशी पत्रकात हे कारण सापडणार नाही. काडी घालून बघा.

याच धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. गॅरेजचं शटर खाली ओढून हीटरची चाचणी करू नका, आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय हीटर लावून झोपू नका.

आता सोलापूरच्या चाचणीबद्दल. इथे निरोगी हीटरही आजारी वाटू शकतो. दोन किलोवॉटचा हीटर ताशी ७५ घनमीटर हवा ढकलत असेल, तर हिशोबाने तिच्या तापमानात ८० अंशांच्या आसपास भर पडते. उणे पाच अंशांची हवा आत गेली तर ती पंचाहत्तरने बाहेर येते. सोलापुरातली ३८ अंशांची आत गेली तर ११८ ने. त्यातच बाकावर ठेवलेल्या हीटरचं तोंड भिंतीकडे असलं तर तीच गरम हवा तो परत ओढतो. मग अतिउष्णतेचा कोड दाखवून बंद पडला तर तो त्याचं काम चोख करतोय. दुसरं असं की कंट्रोलर तापमानावर लावलेला असेल, इच्छित २५ आणि खोलीत आधीच ३४, तर तो लगेच सगळ्यात मंद आचेवर उतरतो आणि तिथेच घुटमळत बसतो. मंद आच, थंड जळण, काजळी. अशा चार चाचण्यांत चांगली जाळी बाद होते. इथे तपासायचंच असेल तर पहाटे तपासा, हीटर तापमानाऐवजी थेट पंपाच्या वेगावर लावा आणि पंधरा-वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा. बंद करताना बॅटरीची वायर उपटू नका. बटणाने बंद केला की पंखा आणखी काही मिनिटं फिरून धड गार करतो. ते न झालं तर सेन्सर आणि प्लास्टिकचं आवरण भाजून निघतं.

उलटा प्रकार जास्त महागात पडतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, लेह साडेतीन हजार. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत दोन-तृतीयांशाच्या जवळ येतो, खारदुंग ला ही खिंड ओलांडताना जवळपास निम्मा. थंडीने हवा थोडी दाट होते, त्यामुळे घाटा काही अंशी भरून निघतो, पण सगळा नाही. पंप मात्र इथे लावला तेवढंच डिझेल तिथेही ओततो. कमी हवेत तेवढंच डिझेल, म्हणजे काळा धूर आणि दोन रात्रींत बुजलेली जाळी. काही कंट्रोलर दाब ओळखून स्वतः जुळवून घेतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे ठोके कमी करावे लागतात किंवा पंख्याचा वेग वाढवावा लागतो. हे सेटिंग कुठे आहे ते इथेच बघून, कागदावर लिहून न्यावं. गारठलेल्या बोटांनी शोधायची ती गोष्ट नव्हे.

राहिलं डिझेल. साध्या डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. कडाक्याच्या थंडीत ते वेगळे होऊन फिल्टर बुजवतात. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. चालक गाडीच्या टाकीत ते भरतातही. पण हीटरला बहुधा स्वतःची पाच-दहा लिटरची वेगळी टाकी असते, आणि तिच्यात सोलापूरच्या पंपावर भरलेलं डिझेल तसंच असतं. गाडी मजेत सुरू होते आणि हीटर ई-१० दाखवतो. वर चढायच्या आधी ती छोटी टाकी रिकामी करून हिवाळी डिझेल भरावं, आणि पाइपात अडकलेलं जुनं संपेपर्यंत हीटर चालवून घ्यावा.