हाताच्या मुंग्या : दबलेला मज्जातंतू आणि आजारी मज्जातंतू

इंदूरमध्ये टिळकनगर, रामबाग, सुदामानगर अशा भागांतल्या मराठी घरांत चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. रात्री हात बधिर होऊन जाग येते, अंगठ्याशेजारच्या बोटांत मुंग्या येतात, हात झटकला की थोड्या वेळाने बरे वाटते आणि सकाळी पोळ्या लाटताना किंवा शिवणयंत्रावर बसल्यावर पुन्हा तेच सुरू होते. घरात याला कुणी वात म्हणते, कुणी मानेचे दुखणे, तर कुणी अशक्तपणा. ताकदीच्या गोळ्या आणल्या जातात आणि वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. या विलंबाचा दोष घरच्यांवर टाकणे योग्य नाही, कारण या त्रासाचे, म्हणजे ‘कार्पल टनेल सिंड्रोम’चे, मूळ मनगटात आहे हे वैद्यकशास्त्रालाही फार उशिरा उमगले.

१८५४च्या सुमारास लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी मनगटाजवळचे हाड मोडल्यानंतर हाताच्या मध्य मज्जातंतूवर दाब आल्याचे वर्णन केले होते. परंतु तो अपघाताचा परिणाम होता. काही न मोडता, काही न लागता हात बधिर होतो, हे बॉस्टनच्या जेम्स जॅक्सन पटनम यांनी १८८० साली नोंदवले. त्यांनी ३७ रुग्णांची माहिती दिली. रात्री किंवा पहाटे वाढणारा बधिरपणा आणि हात झटकल्यावर मिळणारा आराम हे तपशील त्यांनी इतके नेमके टिपले आहेत की ते आजच्या इंदूरमधल्या एखाद्या बाह्यरुग्ण विभागातले वाटावेत. कारण मात्र त्यांनी रक्तवाहिन्यांत शोधले. त्याआधी दोनच वर्षे, १८७८ मध्ये, इंदुरात वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. १९४८ साली महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तोपर्यंतही या आजाराचे चित्र पुरते स्पष्ट झालेले नव्हते.

या मधल्या काळातली सर्वांत हळहळ वाटायला लावणारी घटना १९१३ सालची आहे. पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी ऐंशी वर्षांच्या एका मृत स्त्रीचे हात तपासले. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट झाला होता. मज्जातंतू मनगटातल्या आडव्या अस्थिबंधाच्या वर गाठीसारखा फुगलेला आणि त्या बंधाखाली बारीक झालेला त्यांना दिसला. हा बंध वेळेत कापला असता तर झीज टळू शकली असती, असे त्यांनी लिहूनही ठेवले. निदान आणि उपाय दोन्ही एकाच लेखात हाती आले होते, तरीही तो लेख दुर्लक्षित राहिला. पुढची अनेक वर्षे अशा रुग्णांच्या त्रासाचे खापर मानेतल्या जादा बरगडीवर फोडले गेले आणि मनगट दुखणाऱ्या माणसांच्या मानेवर शस्त्रक्रिया झाल्या.

१९३३ साली जेम्स लर्मंथ यांनी हा बंध कापल्याची नोंद प्रसिद्ध केली, १९४७ साली रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधून अशा सहा रुग्णांचे वर्णन केले, आणि त्यानंतर क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी १९५० पासून एकामागून एक लेख लिहून हा आजार सर्वसाधारण डॉक्टरांपर्यंत पोहोचवला. त्यांच्या नावाची चाचणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही: कोपरे टेबलावर टेकवायची, दोन्ही मनगटे आतल्या बाजूला पूर्ण वाकू द्यायची आणि एक मिनिट तसेच थांबायचे. त्या वेळात अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या आल्या, तर संशय मनगटावर जातो. त्रास करंगळीत असेल, तर तो मज्जातंतू वेगळा असतो आणि बहुधा कोपराशी दबलेला असतो.

मनगटातल्या या अरुंद बोगद्याला तळाशी हाडे आणि वर तो आडवा बंध असतो. बोटे वळवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोरे) आणि एक मज्जातंतू एवढ्या जागेतून जातात. कंडरांवरचे आवरण सुजले की जागा उरत नाही. १९८१ साली गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा निरोगी माणसांत तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा, तर रुग्णांत ३२ निघाला, आणि मनगट वाकवल्यावर तो कितीतरी पटींनी वाढला. मनगट वाकवून झोपल्यावर रात्री त्रास का वाढतो आणि ते सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपल्याने आराम का मिळतो, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे. दाबामुळे आधी मज्जातंतूचा रक्तपुरवठा घटतो, मग त्याच्या आवरणाची हानी होते आणि शेवटी आतले तंतू मरतात. आवरणाची हानी झाली की संदेश मंदावतो. १९५६ साली सिम्पसन यांनी मनगटापाशी हे मंदावणे विजेच्या साहाय्याने मोजून दाखवले. बोटाला कडे लावून हलके झटके देणारी जी तपासणी आज इंदुरात सहज होते, तिचा पाया हाच आहे.

तरीही सगळे बधिरपण दाबाचे नसते. मधुमेहामुळे मज्जातंतू बिघडतात हे फ्रान्सच्या मार्शल द काल्वी यांनी १८६४ सालीच सुचवले होते. हा बिघाड सहसा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर कसोशीने ताब्यात ठेवल्यास मज्जातंतूंच्या या बिघाडाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते हे दाखवले. अनेक शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे मेटफॉर्मिन ती वाढवू शकते. येथे गोळ्या खरोखर लागतात, पण रक्त तपासून. ब-६ हे जीवनसत्त्व अतिमात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तेच मज्जातंतूंना इजा करते, हे १९८३ साली सिद्ध झाले आहे. गॅबापेंटिनसारखी औषधे जळजळ आणि वेदना कमी करतात. त्यांनी मज्जातंतू बरा होत नाही, ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

भारतात आणखी एक कारण विसरून चालणार नाही. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली हान्सेन यांनी शोधला. तो थेट मज्जातंतूंत वस्ती करतो. म्हणून चांगला डॉक्टर करंगळी बधिर झालेल्या रुग्णाच्या कोपरामागे बोट फिरवून मज्जातंतू दोरीसारखा जाड लागतो का, ते पाहतो आणि त्वचेवर संवेदना नसलेला फिकट चट्टा शोधतो. सरकारी रुग्णालयांत यावर बहुऔषधी उपचार मोफत मिळतो. लाजेपोटी गमावलेले महिने मात्र हाताच्या बोटांना कायमचे वाकवून ठेवतात.

प्रत्यक्षात दाब आणि आजार एकाच हातात एकत्र येतात. १९७३ साली अप्टन आणि मॅककोमस यांनी एका ठिकाणी दुखावलेला मज्जातंतू दुसऱ्या ठिकाणच्या थोड्या दाबानेही कोलमडतो, असा सिद्धान्त मांडला. त्यावर अजून वाद आहे, पण मधुमेही माणसांत मनगटाचा हा त्रास अधिक आढळतो यात शंका नाही. थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही तो वाढतो. गरोदरपणातला बहुधा बाळंतपणानंतर आपोआप ओसरतो. म्हणून रक्तातली साखर, थायरॉइड आणि ब-१२ यांची तपासणी विजेच्या चाचणीच्या बरोबरीने झाली पाहिजे, मागाहून नव्हे.

सौम्य त्रासात रात्रीची पट्टी आणि गरज पडल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन पुरते. त्याने भागले नाही, बधिरपणा दिवसाही राहू लागला किंवा अंगठ्याचा उंचवटा सपाट होऊ लागला, तर बंध कापावा लागतो. तेवढीच जागा बधिर करून ही छोटी शस्त्रक्रिया होते. रात्रीच्या मुंग्या अनेकदा काही दिवसांतच थांबतात, बोटांची संवेदना यायला महिने लागतात, कारण तुटलेले तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. मधुमेही रुग्णालाही या शस्त्रक्रियेचा फायदा होतो. पूर्ण झिजलेला अंगठ्याचा स्नायू मात्र बहुधा परत भरून येत नाही.