‘क्रायोजेनिक’ म्हणजे नुसतं ‘खूप थंड’ नव्हे

19 एप्रिल 2021 रोजी कळंबोलीहून द्रवरूप ऑक्सिजन आणायला रिकामे क्रायोजेनिक टँकर रेल्वेने विशाखापट्टणमकडे निघाले आणि ‘क्रायोजेनिक’ हा शब्द मुंबईत घरोघरी पोचला. तेव्हापासून तो ‘खूप थंड’ या अर्थाने सर्रास वापरला जातो. अर्थ तेवढाच नाही.

शब्द ग्रीक मुळांचा: ‘क्रायोस’ म्हणजे कडाक्याची थंडी आणि ‘जेनिक’ म्हणजे निर्माण करणारं. ही थंडी निर्माण करण्यामागे एक जुना हट्ट होता: प्रत्येक वायू द्रवरूप करायचाच. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने दाब आणि गारवा वापरून बरेच वायू द्रवरूप केले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन काही बधेनात. म्हणून त्यांना ‘कायमचे वायू’ म्हणू लागले. खरं कारण असं, की ऑक्सिजन साधारण उणे 119 अंश सेल्सिअसच्या खाली नेल्याशिवाय कितीही दाबला तरी द्रव होत नाही. 1877 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याचं क्षणभराचं धुकं दिसलं. 1883 मध्ये पोलंडमधल्या क्राकूव्हला व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी तो भांड्यात साठवून दाखवला. 1898 मध्ये ड्युअरने हायड्रोजन द्रवरूप केला. शेवटचा हेलियम 10 जुलै 1908 रोजी नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये कामरलिंग ओन्नेसच्या हाती लागला, उणे 269 अंशांना.

या वायूंचे उत्कलनबिंदू जिथे आहेत, तो पट्टा म्हणजे क्रायोजेनिक. साधारणपणे उणे 150 अंशांच्या खालचं तापमान त्यात धरतात. त्यामुळे मासळीचं कोल्ड स्टोरेज त्यात येत नाही. उणे 78 अंशांचा ड्राय आइससुद्धा नाही. ‘अतिशीत’ हा प्रतिशब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. लडाखचा हिवाळाही अतिशीतच की!

मुंबईला हे तंत्र नवं नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1962 पासून द्रव हेलियम तयार होतो.

मे महिन्यात एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात ऑक्सिजनच्या उभ्या टाकीशेजारी थांबून पाहा. अंगाला घामाच्या धारा, आणि समोर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढराशुभ्र बर्फ चढलेला. आत उणे 183 अंशांचा द्रव आहे. त्याला उकळायला शेगडी लागत नाही. आपली दमट हवाच पुरते. एका लिटरचा सुमारे 860 लिटर वायू होऊन नळीतून वॉर्डात जातो.