दोन मीटरवरचा दिवा लावायला सातासमुद्रापार कशाला? स्मार्ट होम हबचा हिशोब

रात्री अडीचच्या सुमारास वडील पाणी प्यायला उठले आणि पॅसेजमधला दिवा लागलाच नाही. एरवी कोणी चाललं की सेन्सरला कळतं आणि दिवा मंद लागतो, त्यांना त्याची इतकी सवय झालीय की ते भिंतीवरचं बटण आता शोधतच नाहीत. अंधारात खुर्चीला अडखळले, नशीब पडले नाहीत. सकाळी मी बघितलं तर बल्ब ठीक, सेन्सर ठीक, घरातलं वायफायही ठीक, फक्त बाहेरून येणारं नेट रात्रभर बंद होतं. सेन्सर आणि बल्ब यांच्यात अंतर जेमतेम दोन मीटर, आणि तरी त्यांचं बोलणं होऊ शकलं नाही. तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की ही उपकरणं सांभाळणारा वेगळा हब घेऊ नका, वायफाय आहे ना घरात, मग अजून एक डबी कशाला. त्या रात्रीनंतर मी हा विषय नीट समजून घ्यायला बसलो.

तर झालं काय, की स्वस्तातली बरीच वायफायवाली उपकरणं एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. सेन्सरला माणूस दिसला की निरोप राऊटरकडे, तिथून सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, बल्ब दुसऱ्या कंपनीचा असेल तर मग त्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथून परत आपल्या राऊटरवर येऊन बल्बपर्यंत. आता समजा तो सर्व्हर ८,००० किलोमीटर लांब आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ८० मिलिसेकंद गेले, त्यात सर्व्हरवरचं काम, दोन कंपन्यांमधली देवाणघेवाण आणि घरातल्या वायफायची गर्दी धरली की अर्धा-एक सेकंद सहज होतो. माणसाला साधारण १०० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर जाणवत नाही, लगेच लागलं असंच वाटतं. एक सेकंद मात्र चांगलाच जाणवतो, तेवढ्यात आपण अंधारात दोन पावलं टाकलेली असतात.

आणि हे सगळं नीट चालू असताना. ७ डिसेंबर २०२१ ला ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचं अमेरिकेतलं एक मोठं केंद्र काही तास बिघडलं तेव्हा लोकांच्या दारावरच्या स्मार्ट बेल, बोलणारे स्पीकर, झाडू मारणारे रोबो सगळेच अडकले. २० ऑक्टोबर २०२५ ला तिथेच परत तसं झालं. बिघाड हजारो किलोमीटरवर आणि गैरसोय आपल्या घरात.

हब म्हणजे काय, तर हा निर्णय घेणारा एक छोटा कॉम्प्युटर घरातच ठेवायचा आणि त्याला एकदोन जास्तीचे रेडिओ, म्हणजे बिनतारी निरोप पाठवणाऱ्या चिप, जोडायचे. सेन्सरने सांगितलं, हबने ठरवलं, बल्ब लागला, सगळं घरातल्या घरात. हबचे पैसे वसूल होतात ते ह्या एका गोष्टीवर. पण सगळेच हब असं करत नाहीत हे लक्षात ठेवा, काही हब फक्त निरोप्याचं काम करतात, सेन्सरचं ऐकून क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या लांबच्या सर्व्हरला, कळवतात आणि तिथून हुकूम यायची वाट बघतात. असा हब घेणं म्हणजे पैसेही गेले आणि नेटवरचं अवलंबित्वही राहिलं. म्हणून घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की ऑटोमेशन हबमधे चालतं की क्लाउडवर.

आता रेडिओचं बघू, मला स्वतःला ह्यातलं विज्ञान सगळ्यात जास्त आवडतं. वायफाय बनलं ते भरपूर डेटा वेगाने न्यायला. व्हिडिओसाठी उत्तम. पण दाराच्या सेन्सरला दिवसातून वीस वेळा फक्त 'उघडलं' किंवा 'बंद झालं' एवढंच सांगायचं असतं, त्यासाठी वायफाय वापरणं म्हणजे एक पत्र पोचवायला ट्रक पाठवण्यासारखं आहे. वायफायची चिप संदेश पाठवताना २०० मिलीअँपिअरच्या आसपास करंट खाते, झिगबी ह्या कमी विजेच्या रेडिओची चिप साधारण ५ ते २० मध्ये भागवते, आणि झोपलेली असताना तर काही मायक्रोअँपिअरच (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग). सेन्सरमधे जो चपटा नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, त्याची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. सेन्सरने सरासरी १० मायक्रोअँपिअर घेतले तर गणिताने तो २२,००० तास चालेल, म्हणजे अडीच वर्षं. तोच सेन्सर वायफायला कायम जोडलेला राहून सरासरी २० मिलीअँपिअर खात असेल तर ११ तासांत सेल संपला! तेवढा करंट हा सेल सलग धड देऊही शकत नाही. म्हणून सेलवरचे वायफाय सेन्सर एकतर मोठे सेल मागतात नाहीतर पूर्ण झोपून राहतात आणि काही झालं की जागे होऊन राऊटरशी नव्याने जोडून घेतात, त्यात एकदोन सेकंद जातात. पाणी गळतंय हे सांगायला एवढा उशीर चालेल, पॅसेजच्या दिव्याला नाही चालणार.

झिगबी हे नाव मधमाशीच्या नाचावरून आलंय. मधमाशी मध कुठे आहे ते पोळ्यात परत येऊन आडवंतिडवं नाचून बाकीच्यांना सांगते, निरोप एकीकडून दुसरीकडे जातो, तसंच इथे. ह्याचं पहिलं मानक २००४ मध्ये ठरलं. वेग फक्त सेकंदाला २५० किलोबिट, एका वेळचा संदेश जास्तीत जास्त १२७ बाइटचा, पण दिवा लावायला एवढं पुरून उरतं. आणि खरी करामत आहे ती जाळ्याची, म्हणजे मेशची. विजेवर कायम चालू असलेलं बहुतेक उपकरण, प्लग असो की बल्ब, दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतं. घराच्या टोकाला असलेल्या सेन्सरचा आवाज हबपर्यंत पोचत नसेल तर मधला प्लग तो ऐकून पुढे सांगतो. वायफायवर उपकरणं वाढली की राऊटरवर गर्दी वाढते, इथे विजेवरची उपकरणं वाढली की जाळं उलट घट्ट होतं. सेलवरची उपकरणं मात्र निरोप पुढे नेत नाहीत, त्यांना झोपायचं असतं.

इथेच लोक फसतात. नुसते दहा सेलवाले सेन्सर घेतले आणि मधे एकही प्लग नाही, मग लांबचा सेन्सर सारखा गायब होतो आणि दोष हबला. किंवा स्मार्ट बल्बवर जाळं उभं केलं आणि घरातलं कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं, बल्बची वीज गेली, त्याच्यामागचे सगळे सेन्सर मुके. माझ्याकडे हे झालंय. त्यावर उपाय म्हणजे बटणावर अवलंबून नसलेले एकदोन स्मार्ट प्लग मधल्या खोल्यांत लावून टाकायचे, किंवा स्मार्ट बल्बऐवजी भिंतीतला स्विचच स्मार्ट करायचा म्हणजे घरच्यांच्या सवयीही मोडत नाहीत. मी तर म्हणेन घरच्यांची सवय मोडावी लागत असेल तर ते घर स्मार्ट झालंच नाही.

अजून एक गंमत. झिगबी पण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, म्हणजे वायफायच्याच गल्लीत, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलाच. झिगबीला ११ ते २६ असे सोळा चॅनेल असतात, वायफाय १ किंवा ६ वर ठेवलं तर झिगबी २५ वर निवांत राहतं (२६ सगळी उपकरणं नीट पकडत नाहीत). आणि जे लोक हबऐवजी कॉम्प्युटरला यूएसबी डाँगल, म्हणजे झिगबीचा रेडिओ असलेली पेनड्राइव्हसारखी काडी, लावतात त्यांनी तो डाँगल यूएसबी ३ च्या पोर्टला किंवा हार्डडिस्कला चिकटून लावू नये, यूएसबी ३ चा स्वतःचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. एक मीटरची एक्स्टेंशन वायर घेऊन डाँगल लांब ठेवला की निम्म्या तक्रारी मिटतात, आणि हे न कळल्यामुळे चांगली उपकरणं परत करणारे लोक मी बघितलेत. झेड-वेव्ह हा असाच दुसरा कमी विजेचा रेडिओ ह्या गर्दीतून बाहेर आहे, ते १ गिगाहर्ट्झच्या खाली चालतं, युरोपात ८६८ आणि अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, भिंतीतून जरा जास्त चांगलं जातं. पण देशागणिक फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणजे परदेशातून आणलेला सेन्सर तुमच्या हबला दिसणारच नाही अशी शक्यता असते.

आता खर्च. डबीची किंमत हा त्यातला छोटा भाग. वीज म्हणाल तर हब साधारण ३-४ वॅट खातो, ४ वॅट धरले तर वर्षाचे ३५ युनिट, फार नाही. खरा खर्च आहे कंपनी टिकेल का ह्याचा. रिव्हॉल्व नावाचा हब होता, ३०० डॉलरचा, २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून टाकले, हब जिथल्या तिथे निकामी. विंक नावाच्या हबच्या कंपनीने मे २०२० मध्ये जाहीर केलं की आधीच विकत घेतलेला हब वापरायला आता महिन्याला ४.९९ डॉलर द्या. इन्स्टिऑन ह्या तशाच कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये काही न सांगता बंद पडले, नंतर जूनमध्ये तिच्याच काही ग्राहकांनी ती कंपनी विकत घेऊन परत उभी केली. मधल्या काळात ज्यांनी तो हब आपल्या घरातल्या सॉफ्टवेअरला जोडलेला होता त्यांचे दिवे चालू राहिले. म्हणजे बघा, पुन्हा तोच मुद्दा, निर्णय कुठे होतोय.

घरातल्या घरात चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधे सगळ्यात मोठं नाव होम असिस्टंट. पॉलस स्काउटसन ह्यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं, मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, रास्पबेरी पाय नावाच्या इवल्या कॉम्प्युटरवर किंवा कपाटात पडलेल्या जुन्या छोट्या कॉम्प्युटरवरही चालतं. पण फुकट म्हणजे पैशाने फुकट, वेळेने नाही. अपडेट, बॅकअप, मधेच काहीतरी तुटलं तर शोधत बसणं, हे आवडत असेल तर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही, आवडत नसेल तर तयार हब घ्या आणि शांत झोपा. घरात हे फक्त तुम्हालाच कळत असेल तर तुम्ही आठवडाभर बाहेर गेल्यावर काय, हाही विचार करा.

पण घेण्याआधी एक काम करा, घरात आधीच हब आहे का ते बघा. खरंच! ॲमेझॉनच्या काही इको स्पीकरमधे झिगबीचा रेडिओ आतच असतो, ॲपलच्या होमपॉड मिनीमधे थ्रेड आहे, काही वायफाय राऊटरमधेही असतो. थ्रेड हे झिगबीसारखंच कमी विजेचं जाळं, फरक एवढा की त्यातल्या प्रत्येक उपकरणाला इंटरनेटसारखा स्वतःचा पत्ता असतो, आणि घराच्या नेटवर्कशी जोडायला बॉर्डर राऊटर लागतो, जो होमपॉड मिनीसारख्या स्पीकरमधे असतो. त्याच्यावर मॅटर हे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं मानक, ज्यात ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे एकत्र आले. मॅटरचं उपकरण नेटशिवाय घरातच चालवता येतं आणि ते एका कंपनीच्या ॲपला बांधलेलं नसतं. काहीजण म्हणतात मॅटर आलं म्हणजे हब संपला, तसं नाहीये, मॅटरलाही सगळं सांभाळणारा कंट्रोलर लागतोच, फक्त तो आता स्पीकरच्या नाहीतर टीव्हीला लावायच्या डबीच्या पोटात लपलाय.

मग स्पष्टच सांगतो. चार बल्ब, दोन प्लग, आणि फोनवरून चालूबंद एवढंच करायचंय तर वेगळा हब घेऊ नका, वायफायवाले पुरेत. पण सेलवरचे सेन्सर पाच-सहाच्या पुढे जाणार असतील, किंवा घरात म्हातारं माणूस, लहान मूल आहे आणि एखादा दिवा, एखादा पाणीगळतीचा इशारा नेट नसतानाही चाललाच पाहिजे असं असेल, तर हबचे पैसे मला अजिबात जास्त वाटत नाहीत. मधली परिस्थिती असेल, सेन्सर दोन-तीनच आणि पुढे वाढवायचं की नाही नक्की नाही, तर थांबा, पुढचा स्पीकर किंवा राऊटर घ्याल तेव्हा त्यात थ्रेड असलेला बघून घ्या.

आणि हब घेतलाच तर परत करायची मुदत संपायच्या आत एकदा राऊटरमधून बाहेरच्या नेटची वायर काढा, राऊटर चालूच ठेवा, आणि घरभर फिरा. दार उघडा, पॅसेजमधून चाला, सेन्सरला ओला फडका लावून बघा. जे जे तेव्हा चाललं नाही ते लिहून काढा, आणि त्यात एकही अशी गोष्ट असेल जी रात्री अडीचला लागणार आहे, तर हब डबीत भरून परत द्या. माझ्याकडचा पहिला मी असाच परत दिला. दुसऱ्यावर पॅसेजचा दिवा वायर काढलेली असतानाही लागला, आणि त्या सेन्सरमधे तेव्हा घातलेला सेल अजून बदलावा लागलेला नाही.