हॅमट्रॅमिक: रकान्यात न मावणारं शहर

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट महानगराच्या पोटात, हॅमट्रॅमिक नावाचं एक स्वतंत्र शहर आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. एका बाजूला पोलिश लोकांचं सेंट फ्लोरियन चर्च, तर कोनंट रस्त्यावर ओळीनं बंगाली पाट्यांची दुकानं. लोकसंख्येचा अभ्यास करायला याहून चांगली प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही.

मूळचं हे जर्मन शेतकऱ्यांचं गाव. 1910 साली वस्ती 3,559. त्याच वर्षी मोटारी बनवणाऱ्या डॉज बंधूंनी इथे कारखाना उभारला आणि 1920 च्या जनगणनेत आकडा निघाला 48,615. दहा वर्षांत जवळपास चौदापट! आलेल्यांत बहुसंख्य पोलिश होते. पुढे त्यांची मुलंनातवंडं उपनगरांकडे गेली, 1980 मध्ये तो कारखानाही बंद पडला. तेव्हा इथे 21,300 माणसं उरली होती.

रिकामी, स्वस्त, एकमेकांना खेटून असलेली घरं मात्र तशीच होती. त्यांत येमेनी आले, युद्धातून जीव वाचवून बोस्नियाचे लोक आले, आणि बांगलादेशी आले. या बांगलादेशींतले कित्येक आधी न्यूयॉर्कमध्ये राहिलेले, तिथल्या भाड्यानं गांजलेले. एकजण घर घेतो, मग मेहुणा येतो, मग गाववाला. शास्त्रज्ञ याला साखळी स्थलांतर म्हणतात. 2010 ते 2020 या काळात इथली लोकसंख्या 22,423 वरून 28,433 झाली.

आता खरा प्रश्न: हे शहर किती विविध आहे? एक सोपं माप आहे. कुठलीही दोन माणसं डोळे मिटून निवडली, तर ती वेगळ्या गटांतली असण्याची शक्यता किती? ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी 1949 मध्ये मांडलेल्या सूत्रावर हे बेतलेलं आहे, आणि जंगलातल्या प्रजाती मोजायलाही तेच वापरतात. 2010 च्या जनगणनेत हॅमट्रॅमिकमध्ये गोरे 53.6 टक्के, आशियाई 21.5 टक्के, कृष्णवर्णीय 19.3 टक्के होते. गणित केलं की उत्तर येतं सुमारे 0.63.

पण या 'गोऱ्यां'मध्ये कोण कोण आहे? पोलिश आजीबाई आहेत, बोस्नियाचं कुटुंब आहे, आणि येमेनी दुकानदारही आहे! कारण तेव्हाच्या अमेरिकी व्याख्येनुसार मध्यपूर्वेतून आलेला माणूस गोरा. समजा, या गटाचे निम्मे-निम्मे दोन भाग पाडले, तर तेच उत्तर 0.77 होतं. मला हा नुसता आकडेमोडीचा खेळ वाटत नाही. शाळेत अरबी जाणणारे शिक्षक किती लागतील, दवाखान्यात दुभाषे किती हवेत, हे ठरवायला आधी माणसं मोजणीत दिसावी लागतात.

मार्च 2024 मध्ये अमेरिकी सरकारनं मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी स्वतंत्र गट मंजूर केला. जनगणनेच्या अर्जावर तो रकाना आला, की एकाही कुटुंबानं घर न बदलता हॅमट्रॅमिकचा विविधतेचा आकडा वर जाईल.