बचत गटाचं कर्ज आणि कंपनीच्या ग्रुपचं कर्ज: सही करण्यापूर्वी एवढं पाहा

गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या वाड्यांवर बायका दोन वेगवेगळ्या बैठकांना जमतात आणि लांबून पाहणाऱ्याला त्या सारख्याच वाटतात. देवळाचा मंडप, नाहीतर कुणाच्या घरचं बलकांव. दहा-बारा जणी, एक वही, सह्या, हातात मोजलेल्या नोटा. दोन्हीकडे तारण लागत नाही, दोन्हीकडे एकमेकींची हमी असते आणि घरी सांगताना दोन्हींचं नाव एकच, ‘ग्रुपचं लोन’. त्यामुळे आपण नेमक्या कशावर सही केली हे कित्येक जणींना पहिला हप्ता चुकेपर्यंत कळत नाही. मला हे फार लागतं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो बारीक नाही.

पहिली बैठक स्वयंसहाय्य गटाची, म्हणजे बचत गटाची. इथे सुरुवात कर्जाने होत नाही, बचतीने होते. बारा जणींनी महिन्याला दोनशे रुपये टाकले की महिन्याचे 2,400 आणि वर्षाचे 28,800 होतात. या पैशातून आपल्यातच कर्ज द्यायचं. कुणाला किती, शेकडा किती रुपये व्याजाने, किती महिन्यांसाठी, हे सगळ्यांसमोर ठरतं आणि ठराव वहीत लिहिला जातो. समजा एकीने शेकडा एक रुपया व्याजाने दहा हजार घेतले आणि महिन्याला हजार मुद्दल फेडली. पहिल्या महिन्यात व्याज शंभर, दुसऱ्यात नव्वद, असं उतरत दहा महिन्यांत एकूण 550 रुपये होतात. हे साडेपाचशे गटाच्याच पेटीत येतात. त्यात ते भरणाऱ्या बाईचाही वाटा आहे.

गट नियमित चालला की बँक दार उघडते. नाबार्डने 1992 साली 500 गट बँकांना जोडून पाहिले, तिथून ही वाट सुरू झाली. 2011 पासून राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान तिला बळ देतं. आपल्याकडे हे काम गोवा राज्य ग्रामीण उपजीविका अभियानाकडे आहे. पंचसूत्री गटातल्या कुणालाही विचारा, तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. असं किमान सहा महिने चाललेलं वहीवरून दिसलं की गट कर्जाला पात्र ठरतो. पहिलं कर्ज गटाच्या जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. महिला गटाला तीन लाखांपर्यंत 7 टक्के व्याज. दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘बचतीची रक्कम अडकवून ठेवावी लागेल’ असं शाखेत कुणी म्हटलं, तर हा नियम शांतपणे पुढे ठेवा.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बँकेचं हे कर्ज गटाच्या नावावर असतं. बँक पैसे गटाच्या खात्यात घालते, ते पुढे कुणाला द्यायचे हे गट ठरवतो.

दुसऱ्या बैठकीत छोटी कर्जं देणाऱ्या (मायक्रोफायनान्स) कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून येतो. हा ग्रुप संयुक्त हमीचा, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘जेएलजी’. शेजारच्या पाच-सात जणी एकत्र येतात, आधार कार्ड देतात, थोड्याच दिवसांत प्रत्येकीच्या खात्यात पैसे जमा होतात. कर्ज प्रत्येकीचं वेगळं आणि तिच्याच नावावर. इथे ग्रुपची सामायिक बचत नाही, ग्रुपचा निधी नाही, व्याजाचा एक पैसाही ग्रुपकडे येत नाही. ग्रुप असतो तो हमीपुरता. एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी भरावा, निदान तिच्यामागे लागावं, ही अपेक्षा. काही बँकाही असे ग्रुप करतात, पण वाड्यावर गाठ पडते ती बहुतेक कंपनीशीच.

या कंपन्या वाईटच, असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या खोलीत राहून मासळी विकणाऱ्या बाईला सहा महिने बचत करत थांबायला सवड नसते, आणि गावात तिला गटात घेणारंही कुणी नसतं. तिला तीस हजार आठ दिवसांत हवे असतील तर पूर्वी ती सावकाराकडेच जायची. त्यापेक्षा नियमाखाली चालणारी कंपनी बरी. पण ती आपली नव्हे, एवढं ध्यानात ठेवून तिच्याशी व्यवहार करावा.

व्याजाकडे नीट पाहायला हवं, कारण गोंधळ सर्वात जास्त तिथेच होतो. चाळीस हजार एका वर्षासाठी ‘फक्त बारा टक्क्यांनी’ मिळतात, असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा: फ्लॅट की उतरत्या शिल्लकेवर? फ्लॅट असेल तर वर्षाचं व्याज 4,800 आणि महिन्याचा हप्ता सुमारे 3,733. तेच बारा टक्के उतरत्या शिल्लकेवर असतील तर हप्ता साधारण 3,554 आणि पूर्ण वर्षाचं व्याज 2,650 च्या आसपास. दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या चाळीस हजारांवर लागत राहतं, म्हणून फ्लॅटचे बारा टक्के प्रत्यक्षात साडेएकवीसच्या घरात जातात. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जदाराला माहितीपत्रक द्यावंच लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. तोंडी आकड्यावर जाऊ नका, त्या कागदावरची टक्केवारी वाचा. वाचता येत नसेल तर दहावीतल्या मुलीला वाचायला लावा, पण सहीच्या आधी.

त्याच नियमांत कामाच्या आणखी गोष्टी आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. हप्ते ठरलेल्या जागी घ्यायचे, आणि कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच घरी यायचं. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, सगळं मना. हे माहीत नसल्यामुळे बायका रात्री आठला दार वाजलं तरी मान खाली घालून उभ्या राहतात. तक्रार लेखी द्या, आणि कंपनीने तीस दिवसांत दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांचा क्रमांक 14448.

आता धंद्याचं बोलू, कारण कर्ज शेवटी त्यासाठीच. सोलांचा, म्हणजे वाळवलेल्या कोकमांचा धंदा घ्या. भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. फळं फोडायची, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या. मध्येच वळवाची सर आली तर अर्धा माल काळा पडतो. पैसा हातात येतो तो पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीत, मग थेट चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारात. मधले आषाढ-श्रावण कोरडे. अशा धंद्यावर आठवड्याचा नाहीतर पंधरवड्याचा हप्ता बसवला तर बाई हप्ता धंद्यातून भरत नाही. ती घरखर्चातून भरते, नवऱ्याच्या पगारातून भरते, शेवटी दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरते. कर्जाचा गळफास इथेच बसतो, व्याजदर कितीही असो.

गटाच्या पहिल्या बँक कर्जाला दोन ते तीन वर्षांची मुदत मिळते, हप्ता महिन्याचा किंवा तिमाहीचा ठेवता येतो. बँकेचा हप्ता चुकवून चालत नाहीच. पण जुलैत एखाद्या सभासदाकडे पैसे नसतील तर तिचा भाग आपल्या निधीतून भरून गणेशचतुर्थीनंतर वसूल करायचा, असा ठराव गट करू शकतो. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये गोव्यातल्या खनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, कर्जांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा वेळी थांबायचं की कुणाला सवलत द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हातात असणं काय असतं ते त्या पट्ट्यातल्या बायकांना सांगावं लागत नाही.

म्हणून सगळेच बचत गट चांगले असंही नाही. फक्त योजनेचे पैसे मिळावेत म्हणून काढलेले गट मी पाहिले आहेत. वही एकाच बाईच्या घरी, अंगठे आणि सह्या आधीच घेतलेल्या, कर्जही दोघी-तिघींत फिरणारं. असा गट कंपनीच्या ग्रुपपेक्षा धोक्याचा, कारण कर्ज सगळ्यांच्या नावावर आणि माहिती एकीकडेच. दर बैठकीला जमा-खर्च मोठ्याने वाचून दाखवा, पासबुक सगळ्यांच्या हातातून फिरू द्या आणि अध्यक्ष, सचिव दर दोन-तीन वर्षांनी बदला. हिशेब वाचणं जिवावर येतं, मान्य आहे. तरीही वाचा.

गटात असूनही कंपनीचं कर्ज चालू आहे अशा जणी पुष्कळ आहेत, आणि त्या लाजेने ते लपवतात. लपवू नका. कुणाचं किती बाकी आहे ते बैठकीत मांडा आणि वहीत लिहा. महागडं कर्ज फेडण्यासाठी गटाच्या कर्जातून पैसे देणं नियमात बसतं. बँकेचं कर्ज दोन लाखांच्या वर असेल तर त्यातला निम्मा आणि चार लाखांच्या वर असेल तर पाऊण हिस्सा कमाईच्या कामासाठी वापरावा, एवढीच शिफारस आहे. कंपनीचं छोटं कर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, हेही त्याच 2022 च्या नियमांत आहे. कंपनीकडून आज किती रक्कम भरली की खातं बंद होतं ते लेखी मागा, गटाचा ठराव करा, पैसे भरा आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घेऊन गटाच्या फाइलीत लावा.