शाळेच्या आकड्यामागचा हिशेब

दहापैकी सात, ‘अ’ श्रेणी, पाच तारे, शंभर टक्के निकाल. शाळा शोधायला निघालेल्या पालकांची नजर आधी अशा आकड्यावर जाते, आणि तो आपल्यासाठीच काढलेला आहे असं सहज वाटतं. पण शाळा मोजायला सुरुवात झाली तेव्हा पालक कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मोजणारे होते शाळांवर पैसा खर्च करणारे.

त्याआधी शाळेची परीक्षा म्हणजे वर्षाअखेरचा तोंडी कार्यक्रम असे. समितीची मंडळी पुढे बसायची, मास्तर आपली चुणचुणीत मुलं उभी करायचे आणि सगळे समाधानाने घरी जायचे. १८४५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात हे मोडलं. होरेस मान आणि सॅम्युएल हाउ या सुधारकांच्या पुढाकाराने शहरातल्या शाळांना एकच छापील प्रश्नपत्रिका दिली गेली आणि शाळाशाळांचे गुण तक्त्यात शेजारी शेजारी छापले गेले. निकाल वाईटच लागला. मान यांचं बोस्टनच्या हेडमास्तरांशी आधीपासून वाकडं होतं, हेही इथे सांगायला हवं. तुलनेचा तक्ता जन्माला आला तोच भांडणातलं हत्यार म्हणून.

इंग्लंडने त्याला पैशांची जोड दिली. १८६२ च्या नियमावलीनुसार शाळेचं अनुदान निकालावर ठरू लागलं. मुलाच्या हजेरीचे चार शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित मिळून आठ. एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे, म्हणजे आठ शिलिंगचा बरोबर तिसरा हिस्सा. इन्स्पेक्टर यायचे, एकेका मुलाला पुढे बोलावून वाचायला लावायचे आणि यादीत खूण करायचे. नेमलेलं पुस्तक ठरलेलं असल्यामुळे शिक्षकांनी ते मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं. पुस्तक उलटं धरूनही मुलं घडाघडा वाचायची, असे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. कवी म्हणून आपल्याला माहीत असलेले मॅथ्यू अर्नोल्ड यांनी ३५ वर्षं शाळा तपासनीसाची नोकरी केली, आणि पास होणं म्हणजे शिकणं नव्हे हे ते आपल्या अहवालांतून सरकारला परोपरीने सांगत राहिले. तरीही ही पद्धत पुरती मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडावं लागलं.

पुढचा मोठा धक्का १९६६ चा. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या चमूने अमेरिकी सरकारसाठी सुमारे ४,००० शाळा आणि ६ लाखांवर विद्यार्थी तपासले. शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा, खर्च यांवरून गुणांतला फरक उलगडेल अशी अपेक्षा होती. निघालं भलतंच: सगळ्यात जास्त फरक पडत होता तो मुलाच्या घरच्या परिस्थितीने. या अहवालावर आजवर भरपूर वाद झाले आहेत, पण त्याने विचारलेला प्रश्न काही सुटलेला नाही. शाळेचा निकाल चांगला लागला, तर त्यात शाळेचा वाटा किती आणि घरून येणाऱ्या पुस्तकांचा, शिकवण्यांचा, वेळेवर मिळणाऱ्या जेवणाचा किती?

पालक या गोष्टीत खऱ्या अर्थाने आले ते १९९० नंतर. इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये माध्यमिक शाळांचे निकाल सरकारने प्रसिद्ध केले, वर्तमानपत्रांनी त्यांच्या क्रमवाऱ्या छापल्या, आणि त्याच वर्षी ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा कायद्याने उभी राहिली. मुख्य आकडा होता पाच किंवा जास्त विषयांत ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवणाऱ्या मुलांची टक्केवारी. आता स्वतःला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवून पाहा. ‘ए’ मिळवणारं मूल ‘ए’ मिळवणारच, ‘एफ’वालं ‘सी’पर्यंत पोचणं कठीण. मग जादा तास कुणाचे? ‘डी’वर अडकलेल्या काठावरच्या मुलांचे. दोन्ही टोकांची मुलं आकड्याच्या दृष्टीने बिनकामाची ठरली. २०१६ पासून तिथे ‘प्रोग्रेस ८’ हे माप आलं, ज्यात मूल प्राथमिक शाळेतून येताना कुठे होतं ते धरून पुढची प्रगती मोजतात. माझ्या मते हे जास्त प्रामाणिक माप आहे, पण पालकांना समजायला तेवढंच अवघड. शिवाय लहान शाळेत कुठलंही माप डगमगतं: २५ मुलांच्या वर्गात एक मूल तापाने फणफणलं की निकाल ४ टक्क्यांनी खाली.

अमेरिकेत २००२ च्या कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची झाली आणि निकाल घसरलेल्या शाळांवर कारवाई होऊ लागली. अटलांटा शहरात याचा शेवट खोडरबरावर झाला. २०११ च्या सरकारी चौकशीत तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचं आढळलं, त्यात १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, आणि २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. दरम्यान १९९८ मध्ये सुरू झालेल्या, शाळांना गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संस्थेचे एक ते दहा गुण घरांच्या जाहिरातींशेजारी दिसू लागले होते. चांगल्या गुणांची शाळा म्हणजे महाग घर, महाग घरात सुस्थितीतली मुलं, आणि त्या मुलांमुळे पुन्हा चांगले गुण. पुढे या संस्थेनेही आपल्या हिशेबात मुलांच्या प्रगतीला जागा दिली.

सगळेच देश या वाटेने गेले नाहीत. वेल्सने २००१ मध्ये क्रमवाऱ्या बंद केल्या. आयर्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने अशी माहिती रोखून धरायची मुभा दिली. तर तिथल्या वर्तमानपत्रांनी कोणत्या शाळेतून किती मुलं विद्यापीठात गेली याच्या याद्या करून छापल्या. तहान असली की माणूस विहीर खणतोच.

इंग्लंडमध्ये ऑफस्टेड तपासणीनंतर शाळेला द्यायची ती एका शब्दाची श्रेणी मात्र फार महागात पडली. जानेवारी २०२३ मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने जीव दिला. तिची शाळा सर्वात वरच्या श्रेणीवरून सर्वात खालच्या श्रेणीत जाणार होती. तपासणीचा या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष त्याच वर्षअखेरीस अधिकृत चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी ही एकशब्दी श्रेणी रद्द झाली. आता अहवालात अभ्यासक्रम, हजेरी, वर्तन अशा बाबींचे वेगवेगळे शेरे असतात, आणि एकूण शाळा कशी आहे याचा एकच शब्द त्यात कुठेही सापडत नाही.