‘डब्ल्यूएच’ शब्द आणि वाक्यातली न ऐकू येणारी जागा

‘व्हॉट, हू, व्हेअर दिसलं की वाक्य प्रश्नार्थक’ ही समजूत शाळेत एकदा पक्की झाली की सहसा निघत नाही. तिचा परिणाम रोज कानावर पडतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही.’ बोलणाऱ्याला ‘व्हेअर’ सुचलं आणि त्याच्यामागून प्रश्नाची सगळी चाल आली. क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे जाऊन बसलं. इथे हवं होतं ‘व्हेअर ही इज’. नियम सोपा आहे: ही उलटापालट मुख्य वाक्य प्रश्न असेल तरच करायची, वाक्याच्या पोटातल्या उपवाक्यात करायची नाही. व्याकरणाची गाईडं इथे थांबतात. गंमत मात्र इथून पुढेच सुरू होते.

आधी एक फरक पाहू. ‘आय नो व्हॉट ही ब्रॉट’ आणि ‘आय सोल्ड व्हॉट ही ब्रॉट’ या दोन वाक्यांतलं ‘व्हॉट ही ब्रॉट’ अक्षरशः सारखंच आहे. मराठीत आणून बघा. त्याने काय आणलं ते मला माहीत आहे. त्याने जे आणलं ते मी विकलं. पहिल्या वाक्यात ‘काय’, दुसऱ्यात ‘जे’. अदलाबदल केलीत तर ‘त्याने काय आणलं ते मी विकलं’ असं काहीतरी तयार होतं आणि ते लगेच कानाला खटकतं. पहिल्या वाक्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. दुसऱ्यात प्रश्नच नाही, तिथे एक वस्तू आहे. मराठीने या दोन कामांसाठी वेगळी अक्षरं नेमली आहेत: प्रश्नाला क, संबंधाला ज. कोण-जो, केव्हा-जेव्हा, कुठे-जिथे, कसा-जसा. इंग्रजी बहुतेक ठिकाणी एकाच संचावर दोन्ही कामं भागवते. त्यामुळे एखादं इंग्रजी उपवाक्य प्रश्नाच्या घरातलं की संबंधाच्या, अशी शंका आली तर ते मनात मराठीत आणावं आणि क येतो की ज येतो ते पाहावं. ही कसोटी क्वचितच फसते.

इंग्रजीचा ‘डब्ल्यूएच’ आणि आपला क मुळात एकाच घराण्यातले. आद्य इंडो-युरोपीय भाषेतला, म्हणजे या दोघांच्या सामाईक पूर्वज भाषेतला, प्रश्नार्थक ‘क’सारखा ध्वनी संस्कृतात ‘कः’मध्ये टिकला, इंग्रजी जिच्यात येते त्या जर्मानिक शाखेत त्याचा ‘ह’ झाला, आणि जुन्या इंग्रजीत हे शब्द ‘ह्व’ने सुरू होऊ लागले. त्या काळात, म्हणजे साधारण ११०० सालापर्यंत, त्यांचं मुख्य काम प्रश्न विचारणं हेच होतं. उपवाक्य नामाला जोडायला वेगळं अव्यय आणि दर्शक सर्वनामं होती. पुढच्या काही शतकांत प्रश्नाचे शब्द हळूहळू त्या जागी शिरले.

मराठीची ही घडी नीटस आहे, पण म्हणून ती ‘जास्त वैज्ञानिक’ ठरत नाही. ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा, असं नासाने मान्य केलंय’ हा निरोप मोबाइलवर अजूनही फिरतो. त्याच्या मुळाशी रिक ब्रिग्ज यांचा १९८५ साली ‘एआय मॅगझीन’मध्ये आलेला एक लेख आहे. जुन्या व्याकरणकारांची वाक्याचा अर्थ उलगडण्याची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची एक पद्धत यांच्यातलं साम्य त्यांनी त्यात दाखवलं होतं. विषय चांगला होता. नासाने कसला शिक्का मारल्याची गोष्ट लोकांनी मागाहून चिकटवली.

आता मुख्य यंत्रणेकडे. ‘तू काय आणलंस?’ या मराठी वाक्यात ‘काय’ कर्माच्या जागीच बसलं आहे. ‘तू पेन आणलंस’मध्ये पेन जिथे, तिथेच काय. इंग्रजीत ‘व्हॉट डिड यू ब्रिंग?’ म्हणताना ‘व्हॉट’ वाक्याच्या तोंडाशी येतं आणि ‘ब्रिंग’च्या पुढची कर्माची जागा रिकामी पडते. संबंधी उपवाक्यात, म्हणजे नामाला जोडलेल्या उपवाक्यातही, हेच घडतं. ‘द बुक विच आय बॉट’मध्ये ‘बॉट’च्या पुढे काही नाही, तरी काय विकत घेतलं ते आपल्याला कळतं. भाषाशास्त्रज्ञ पुढे आलेल्या शब्दाला पूरक म्हणतात आणि मागच्या पोकळीला रिक्त स्थान. या दोघांत कितीही अंतर पडू शकतं. ‘व्हॉट डू यू थिंक शी सेड ही ब्रॉट?’ या वाक्यात ‘व्हॉट’ची जागा थेट शेवटी, तिसऱ्या उपवाक्यात आहे.

ऐकणाऱ्याची अवस्था कुणीतरी हातात जड पार्सल देऊन निघून गेल्यासारखी होते. ते ठेवायला जागा मिळेपर्यंत सोडता येत नाही आणि चालणंही थांबवता येत नाही. मग मेंदू काय करतो? पूर्ण वाक्य संपायची वाट बघतो की दिसेल त्या पहिल्या जागी टेकवून मोकळा होतो? वाचनाचा वेग शब्दागणिक मोजून याचं उत्तर मिळालं आहे. ‘शी आस्क्ड हू रवी वुड टेक अस टू मीट’ हे वाक्य घ्या. ‘टेक’ हे क्रियापद येताच वाचणारा ‘हू’ला त्याचं कर्म करून टाकतो: रवी कुणालातरी नेणार. पुढच्याच क्षणी ‘अस’ येतं. जागा आधीच भरलेली निघते आणि वाचन तिथे किंचित अडखळतं. ‘हू’ऐवजी ‘इफ’ असलेल्या वाक्यात त्याच ‘अस’वर तशी अडखळ होत नाही. लॉरी स्टोव यांनी १९८६ साली या धर्तीच्या वाक्यांवर हे दाखवलं. मेंदू वाट बघत नाही, तो अंदाज बांधतो आणि चुकला की मागे येतो. हे सगळं सेकंदाच्या एका लहानशा भागात होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यातून आणखी एक कोडं सुटतं. ‘द डॉक्टर दॅट कॉल्ड द लॉयर’ आणि ‘द डॉक्टर दॅट द लॉयर कॉल्ड’ यांत शब्द तेच, फक्त क्रम बदलला. पहिल्यात डॉक्टर कर्ता आहे आणि रिक्त स्थान लगेच भेटतं. दुसऱ्यात मधे वकील येतो, त्यालाही लक्षात ठेवावं लागतं, आणि ‘कॉल्ड’पाशी दोघांचा हिशेब एकदम करावा लागतो. दुसरा प्रकार वाचायला जास्त वेळ लागतो. जोनाथन किंग आणि मार्सेल जस्ट यांनी १९९१ मध्ये त्याचा संबंध वाचणाऱ्याच्या कार्यकारी स्मृतीच्या, म्हणजे काम चालू असताना गोष्टी तात्पुरत्या लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीच्या, आवाक्याशी जोडला. पण वकिलाच्या जागी ‘यू’ ठेवा, ‘द डॉक्टर दॅट यू कॉल्ड’, आणि अडचण जवळपास नाहीशी होते. ‘तू’ समोर हजर असतो, त्याला स्मृतीत नव्याने जागा द्यावी लागत नाही.

नियम धरून अशी उपवाक्यं एकमेकांच्या पोटात कितीही घालता येतात. ‘द रॅट द कॅट द डॉग चेस्ड बिट डाइड.’ कुत्रा मांजरामागे लागला, त्या मांजराने उंदराला चावा घेतला, तो उंदीर मेला. व्याकरणात एकही चूक नाही आणि तरी पहिल्या झटक्यात कुणालाही कळत नाही. नियमांची मुभा आणि डोक्याची क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या, हे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं.

आता जरा अवघड भाग. पूरक शब्द कितीही लांब जाऊ शकतो, पण कुठूनही निघू शकत नाही. ‘यू बॉट द पेन अँड द बुक’ यातल्या ‘बुक’बद्दल विचारायचं आहे. ‘व्हॉट डिड यू बाय द पेन अँड?’ हे कुठलाही इंग्रज म्हणणार नाही. तसंच ‘यू मेट द मॅन हू रोट द बुक’ यावरून ‘व्हॉट डिड यू मीट द मॅन हू रोट?’ होत नाही, कारण संबंधी उपवाक्यातून शब्द बाहेर काढता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी १९६७ च्या आपल्या प्रबंधात अशा बंदिस्त रचनांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांना बेटं म्हणतात. ही वाक्यं अर्थाला धरून नाहीत म्हणून बिघडतात, असं वाटेल. ते खरं नाही, आणि त्याचा पुरावा मराठीत आहे. ‘तू पेन आणि काय घेतलंस?’ सरळ चालतं. ‘कोणतं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला तू भेटलास?’ हेही चालतं. आपला प्रश्नशब्द आपल्या जागीच बसून राहतो, त्याला बेटावरून बाहेर पडायचंच नसतं. म्हणजे प्रश्नाच्या अर्थात काही खोट नाही, अडचण त्या प्रवासात आहे. हे निर्बंध व्याकरणाच्या रचनेतच आहेत की स्मृतीवरच्या ताणातून येतात, यावर दोन तट आहेत. मला पहिला पटतो, कारण छोट्या, सोप्या वाक्यांतही बेटं तितकीच कडक राहतात. दुसऱ्या तटाचे लोक अर्थातच हे इतक्या सहज मान्य करत नाहीत.

रिक्त स्थान ही कागदावरची कल्पना आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांसाठी ‘वाना’चं, म्हणजे बोलताना ‘वॉन्ट टू’ जोडून होणाऱ्या शब्दाचं, उदाहरण देतात. ‘हू डू यू वॉन्ट टू मीट?’ यात ‘हू’ची मूळ जागा ‘मीट’च्या पुढे आहे, म्हणून ‘वॉन्ट टू’ एकमेकांना चिकटतात आणि ‘हू डू यू वाना मीट?’ होतं. ‘हू डू यू वॉन्ट टू विन?’ म्हणजे कोण जिंकावं असं तुला वाटतं? इथे मूळ वाक्य ‘आय वॉन्ट रवी टू विन’ या जातीचं. ‘हू’ची जागा बरोबर ‘वॉन्ट’ आणि ‘टू’ यांच्या मधे. आणि इथे बहुतेक इंग्रजी भाषक ‘वाना’ म्हणत नाहीत. मधे एकही ध्वनी नाही, तरी ते दोन शब्द जोडले जात नाहीत.